शेवटचे सात हजार

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या त्या काचेच्या शोरूममध्ये आम्ही तिसऱ्यांदा बसलो होतो. टेबलावर कोटेशनचा कागद होता, आधीच्या दोन भेटींतल्या खाडाखोडीने तो निळा-काळा झाला होता, आणि मी, माझा मेहुणा व समोरचा विक्री प्रतिनिधी असे तिघेही त्या कागदाच्या तळाच्या एका आकड्याकडे पाहत गप्प होतो. आमच्या आणि त्याच्या म्हणण्यात सात हजारांचे अंतर उरले होते. गाडी रस्त्यावर आणायला जवळजवळ दहा लाख लागणार होते, म्हणजे भांडण शंभर रुपयांतल्या सत्तर पैशांचे होते. हे मला कळत होते, तरीही मी खुर्चीवरून उठत नव्हतो. मेहुण्याने तर चहाचा दुसरा कप नाकारला होता, कारण समोरच्याचा चहा जास्त प्यायला की माणूस मिंधा होतो, असे त्याचे मत आहे.

प्रतिनिधी पंचविशीतला होता, पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा. सोलापुरात भल्या माणसाला ज्या शब्दाने हाक मारतात त्याच शब्दाने तो मला हाक मारत होता. "मालक, माझ्या हातात होतं तेवढं मी देऊन टाकलो की. आता साहेबांनाच विचारावं लागतंय." असे म्हणून तो उठला आणि काचेच्या आडच्या खोलीत गेला. खोलीतला साहेब आम्हाला दिसत होता, पण ऐकू येत नव्हता. मुलगा काहीतरी बोलत होता आणि साहेब मान हलवत होते. ती मान 'नाही' म्हणून हलत होती की 'नाही म्हटल्यासारखे कर' म्हणून, हे काचेतून सांगणे कठीण होते.

त्या खोलीकडे पाहताना मला आमचे दुकान आठवले. वडिलांचे चाटी गल्लीत कापडाचे दुकान होते. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, हे आता त्या गल्लीतून रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसते. दुकानात प्रत्येक लुगड्याला, प्रत्येक धोतरजोडीला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी असे आणि चिठ्ठीवर आकड्यांऐवजी दोन-तीन अक्षरे असत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरलेला असे. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन, अशा हिशेबाने खरेदीची किंमत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लिहिलेली असे आणि तरी त्याला ती वाचता येत नसे. प्रत्येक दुकानाचा शब्द वेगळा. आमच्या दुकानाचा शब्द मी अजूनही कोणाला सांगत नाही. दुकान बंद होऊन वीस वर्षे झाली तरी तो सांगताना जीभ अडखळते.

म्हणजे घासाघीस नावाचा जो खेळ आम्ही लहानपणापासून गल्ल्यामागे बसून पाहिला, त्यात एकाला तळ ठाऊक असे आणि दुसऱ्याला नसे. गिऱ्हाईक ऐंशीच्या लुगड्याला पन्नास म्हणे, वडील कपाळावर आठी आणून पंच्याहत्तर म्हणत, गिऱ्हाईक उठून पायरी उतरे, वडील हाक मारत, आणि बासष्टला सौदा होई. गिऱ्हाईक जिंकल्याच्या आनंदात घरी जाई. वडील चिठ्ठी तोडून डब्यात टाकत, आणि तिच्यावरची अक्षरे बावन्न सांगत असत. ते लबाड होते असे मी म्हणणार नाही. दहा रुपये नफा त्यांना हवा होता आणि तो त्यांनी घेतला. पण जी विणकर बाई भाव विचारून, मान खाली घालून, एक शब्द न बोलता ऐंशी रुपये मोजायला लागे, तिच्याकडूनही ते ऐंशीच घेत. क्वचित, फार क्वचित, पाच परत करत. घासणाऱ्याला सोडलेले पैसे न घासणाऱ्याकडून वसूल होतात हे मी अर्थशास्त्राच्या वर्गात शिकलो नाही, त्या डब्यातल्या चिठ्ठ्या मोजताना शिकलो.

याच्या अगदी उलट व्यवहार मी आजोबांच्या बोटाला धरून पाहिला. ते मंगळवेढ्याकडचे. खिलार बैलजोडी घ्यायची म्हणजे ते रविवारी सांगोल्याच्या बाजाराला जात, आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत भरणाऱ्या जनावरांच्या बाजारातही नुसते पाहायला म्हणून दोन दिवस फिरत. तिथे भाव बोलून होत नसे. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे हात रुमालाखाली धरत आणि बोटे दाबून आकडे सांगत. चेहऱ्यावर काही नाही, आजूबाजूला दहा माणसे उभी, आणि सगळी बोली धोतराच्या सोग्याएवढ्या कापडाखाली. मधे एखादा हेडी असे, तो दोघांचे हात आळीपाळीने धरून सौदा जुळवी. पण रुमाल पडण्याच्या कितीतरी आधी आजोबांचे खरे काम झालेले असे. त्यांनी बैलाचा जबडा उघडून दात पाहिलेले असत. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, म्हणजे दातांवरून वय किती, हे पाहिल्याशिवाय ते हात पुढे करत नसत. त्यांना चालवून, वळवून, खूर उचलून पाहायला अर्धा दिवस लागे आणि रुमालाखाली पाच मिनिटे.

मी माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी नेमके उलटे केले. ती गाडी मी जानेवारी २०१४ मध्ये घेतली. त्या वेळी मी रोख सवलतीवर तीन आठवडे झुंजलो आणि बारा हजार कमी करून घेतले. घरी येऊन हे चार जणांना सांगितले. इतक्या सहज कोणी बारा हजार सोडत नाही, हे वडिलांचा मुलगा म्हणून मला कळायला हवे होते. पुढे गाडी विकायला काढली तेव्हा मोहोळकडचा एक शेतकरी ती पाहायला आला. त्याने बॉनेट उघडले नाही, टायरला लाथ मारली नाही, आधी आरसी मागितली. नोंदणीची तारीख सोडून त्याने बोट त्याखालच्या ओळीवर ठेवले. तिथे उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. मार्च २०१३. "गाडी तेराची आहे की मालक," तो म्हणाला, "तुम्ही चौदाची म्हणलाव." दहा महिने यार्डात उन्हापावसात उभी असलेली गाडी मी नवी म्हणून घेतली होती, आणि ज्या सवलतीचा मला अभिमान होता ती त्या दहा महिन्यांची किंमतसुद्धा नव्हती. शेतकऱ्याने एका वर्षाच्या फरकापोटी तेवढेच पैसे माझ्याकडून काढून घेतले. त्याने गाडीचे दात पाहिले होते.

हा महिना शोधायला काही विद्या लागत नाही. शोरूम जे विक्री प्रमाणपत्र देते, ज्याला फॉर्म २१ म्हणतात, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. पैसे भरण्याआधी चासी नंबर मागितला आणि गाडी प्रत्यक्ष यार्डात जाऊन पाहिली तर तेवढे पुरते. डिसेंबरात मिळणाऱ्या मोठ्या सवलतींचा अर्थही हाच आहे. कॅलेंडर उलटले की यार्डातली गाडी एका रात्रीत एक वर्षाने म्हातारी होते, आणि ते म्हातारपण कोणाच्या तरी गळ्यात घालायचे असते. दहा-बारा वर्षे गाडी वापरणाराच असेल तर त्याने ते खुशाल घ्यावे. पाच वर्षांनी विकणाऱ्याने मात्र घेऊ नये.

घासाघिशीवर एवढा जीव जडलेल्या आपल्या समाजाने एक काळ असाही पाहिला आहे की, विकत घेणाराच हात जोडून उभा असे. वडिलांनी बजाज चेतक नोंदवली आणि ती सहा वर्षांनी मिळाली. पावती गोदरेजच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी असे. स्कूटर आली त्याच आठवड्यात एका ओळखीच्याने तिच्यावर 'ऑन' देऊ केले, म्हणजे कंपनीच्या किमतीच्या वर रोख पैसे. त्या दिवसांत नवी वस्तू दुकानाबाहेर पडताच महाग होई, हे आजच्या मुलांना सांगितले तर ते आजोबांच्या रुमालाइतकेच दंतकथेसारखे ऐकतात. मारुती ८०० ची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, त्यानंतरही बरीच वर्षे नोंदणी आणि प्रतीक्षा हाच गाडीखरेदीचा क्रम होता. आणि हे फार जुने झाले असेही नाही. २०२१-२२ मध्ये चिपांचा तुटवडा पडला तेव्हा पुन्हा महिनोन्महिने थांबावे लागले, आणि सवलत हा शब्द काढला तर शोरूममधली माणसे सहानुभूतीने हसत. भाव घासण्याचे सामर्थ्य आपल्या जिभेत असते असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा ते यार्डात किती गाड्या उभ्या आहेत यावर असते.

आता त्या कागदाकडे येतो. या वेळी घेतलेली गाडी चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीच्या आतल्या पेट्रोल इंजिनाची. सप्टेंबर २०२५ च्या आधी तिची एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रस्ता कर आणि विमा सोडून, नऊ लाख अठरा हजार होती. त्या वर्गाच्या गाडीवर तोपर्यंत २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का उपकर होता. २२ सप्टेंबरपासून तो सरसकट १८ टक्के झाला आणि किंमत आठ लाख चाळीस हजारांवर आली. अठ्ठ्याहत्तर हजार रुपये एका सकाळी कमी झाले, त्यासाठी ना मेहुणा लागला, ना चहा नाकारावा लागला. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना होती. पितृपक्षात मोकळ्या पडलेल्या शोरूममध्ये त्यानंतर बसायला खुर्ची मिळेना. पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही, म्हणून एरवी त्या पंधरवड्यात सर्वांत चांगला भाव मिळतो, असे जाणकार सांगतात. मी मात्र असा जाणकार अजून पाहिला नाही, ज्याने स्वतः पितृपक्षात गाडी घरी आणली. आम्हालाही पाडवाच हवा होता. ज्याला साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त हवा असतो, त्याने आपले पान आधीच उलटे करून समोरच्याला दाखवलेले असते. आमच्या प्रतिनिधीला पहिल्या भेटीतच माझी बायको म्हणून गेली की, बावीस ऑक्टोबरला गाडी दारात पाहिजे. मेहुण्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर तिने आजवर विसरलेली नाही.

एक्स-शोरूम किमतीत विक्रेत्याचा वाटा किती असतो? आपल्याकडे लहान गाडीवर तो शेकडा चार-पाचांच्या आसपास असतो, असे या धंद्यात हिशेब ठेवणारा माझा एक जुना विद्यार्थी सांगतो. त्यातून जागेचे भाडे, पगार, यार्डातल्या गाड्यांवर काढलेल्या कर्जाचे व्याज जायचे. बाकीची किंमत कारखान्यात आणि दिल्लीत ठरते. रस्ता कर मुंबईत ठरतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे आमच्या गाडीला ब्याण्णव हजार चारशे, आणि त्यात ना शोरूम काही करू शकते ना ग्राहक. म्हणजे ज्या मोठ्या आकड्यावर आपण सगळा जोर लावतो, तिथे पिळायला रसच फार उरलेला नसतो. रस असतो तो खालच्या बारीक ओळींमध्ये. त्या ओळी आम्ही दोन भेटींत एकदाही धड वाचल्या नव्हत्या, कारण आमचे लक्ष तळाच्या बेरजेवर होते.

त्या वाचल्या मुलीने. ती पुण्याला नोकरी करते. कागदाचा फोटो तिला पाठवला तेव्हा मला वाटले होते की ती रंगाबद्दल काही बोलेल. तिने वीस मिनिटांनी फोन केला आणि विम्याची ओळ वाचून दाखवायला सांगितली. त्रेचाळीस हजार आठशे. तिने त्याच गाडीचा, त्याच विमा किमतीचा, त्याच झिरो डेप्रिसिएशनसह, म्हणजे भरपाईतून घसारा न कापणारा, विमा बाहेर एकतीस हजार नऊशेला काढून दाखवला. विम्यात दोन भाग असतात. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून हे बंधन आले, आणि त्याचा दर सरकार ठरवते. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला तो तीन वर्षांचे १०,६४० रुपये आहे, वर कर. हा आकडा कुठेही घेतला तरी तोच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, तिथे कंपन्या वाटेल तेवढी सूट देऊ शकतात, आणि शोरूमच्या कागदावर ती सूट बहुधा शोरूमच्याच खिशात थांबते. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे कोणावरही बंधन नाही.

तिसऱ्या भेटीत, सात हजारांवरच्या त्या मुक्या बैठकीत, मी फोन उघडून हा दुसरा भाव टेबलावर ठेवला. आणि मग जे झाले त्याचे मला अजून आश्चर्य वाटते. मुलगा साहेबांकडे गेला नाही. त्याने पेन उचलून त्रेचाळीस हजार आठशे खोडले आणि तेहेतीस हजार लिहिले. दोन मिनिटांत दहा हजार आठशे कमी झाले, कोणाच्या कपाळावर आठी न येता. ज्या मुलाला सात हजारांसाठी काचेच्या खोलीत तीनदा जावे लागले, त्याला दहा हजारांसाठी मान वर करावी लागली नाही.

मग मी वडिलांच्या चिठ्ठ्या वाचाव्यात तसा तो कागद वरून खाली वाचत गेलो. 'लॉजिस्टिक्स' नावापुढे सहा हजार होते. गाडी कारखान्यातून सोलापूरला आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो, मग हे कशाचे, असे मी विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले, थोडा थांबला, आणि ती ओळ खोडली. 'बेसिक किट' साडेसोळा हजार होते. त्यातले पायपुसणे आणि चाकांमागचे मडफ्लॅप आम्हाला हवे होते, त्यांचे तीन हजार दोनशे झाले. गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप साडेआठ हजार होता. सोलापूरच्या कोरड्या हवेत कंपनीने मुळात लावलेले लेपन मला पुरेसे वाटले, कोकणात राहत असतो तर कदाचित घेतला असता. एवढ्यात चाळीस मिनिटे गेली आणि अडतीस हजार सहाशे रुपये कमी झाले. यातल्या कशालाच घासाघीस म्हणता येणार नाही. मी फक्त 'हे काय आहे' असे चार वेळा विचारले.

कर्जाची ओळ कागदावर नव्हतीच, ती वेगळ्या टेबलावर होती. तिथल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितले की, सहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता अवघा ९,६५३ रुपये पडतो. पाच वर्षांचा हप्ता १२,४५५ होता. महिन्याला अठ्ठावीसशे वाचतात हे ऐकून मेहुणासुद्धा हरखला. मी मोबाईलवर गुणाकार केला. पाच वर्षांत व्याज जाते सुमारे एक लाख सत्तेचाळीस हजार, सात वर्षांत दोन लाख अकरा हजारांच्या जवळ. हप्ता लहान करण्याची किंमत साडेत्रेसष्ट हजार. अर्धा टक्का व्याज कमी करून घेतले असते तरी पाच वर्षांत पावणेनऊ हजारांच्या आसपास वाचले असते, म्हणजे आमच्या त्या ऐतिहासिक सात हजारांपेक्षा जास्तच. पण या टेबलावर कोणी घासत नाही. चाटी गल्लीत चार आण्यांसाठी पायरी उतरणारा माणूस बँकेच्या कागदावर जिथे फुली मारली आहे तिथे मुकाट सही करतो. मीही पहिल्या गाडीच्या वेळी तशीच केली होती, आणि त्या कर्जाचा व्याजदर काय होता हे मला आज विचारले तर सांगता येणार नाही. मिळालेली सवलत मात्र रुपयासकट पाठ आहे.

पुण्याला जाऊन गाडी घेण्याची एक टूम मधे मेहुण्याने काढली होती, तिथे पंधरा हजार जास्त सुटतात म्हणे. अडीचशे किलोमीटर जायचे, तात्पुरत्या नोंदणीवर तेवढेच परत यायचे, एमएच-१३ साठी इथे कागद फिरवायचे, आणि पहिल्या सर्व्हिसला ज्यांच्याकडून गाडी घेतली नाही त्यांच्याच दारात उभे राहायचे. ही टूम एका संध्याकाळीच विझली.

त्या चाळीस मिनिटांत शेजारच्या टेबलावर एक जोडपे आले होते. निवृत्त शिक्षक असावेत. खिशाला दोन पेने होती आणि बाईंच्या हातात देवीच्या प्रसादाची पिशवी होती, तुळजापूरहून थेट आले असावेत. आमच्याच मॉडेलची, पांढऱ्या रंगाची गाडी. गृहस्थांनी कागद हातात घेतला, तळाचा आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि विचारले, "यात सगळं आलं ना?" सगळे आले होते. लॉजिस्टिक्स आले होते, किट आले होते, लेप आला होता. त्यांनी सही केली. मला त्या टेबलावरचा कागद दिसत होता. हाताच्या अंतरावर होता. मी काही बोललो नाही. परक्याच्या सौद्यात बोलू नये हा बाजाराचा नियम आहे, असे मी स्वतःला सांगितले, आणि तो नियम खराही आहे. दोन हात रुमालाखाली असताना तिसऱ्याने तोंड उघडले तर आजोबांच्या बाजारात भांडण झाले असते. पण माझ्या खोडलेल्या ओळींचे पैसे कुठून तरी भरून निघणार होते, आणि ते कुठून निघत होते हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होते. वडिलांच्या दुकानात ऐंशी मोजणारी ती बाई मला आठवली.

राहिले ते सात हजार. खरे तर आता ते सोडून द्यायला हवे होते. अडतीस हजार खोडून झाल्यावर त्यांची गरज कोणालाच नव्हती. पण मेहुण्याने तो आकडा जिव्हाळ्याचा करून घेतला होता आणि मलाही, खोटे कशाला बोलू, त्या काचेच्या खोलीतल्या साहेबांना एकदा बाहेर काढायचे होते. ते आले. हात मिळवला, कुठले, काय करता विचारले, चाटी गल्लीचे नाव ऐकून हसले आणि चार हजार सोडले. मेहुण्याने माझ्या गुडघ्यावर टेबलाखाली हात दाबला. रुमाल तेवढा नव्हता.

पाडव्याला गाडी घ्यायला गेलो तेव्हा दारात गर्दी होती. एका वेळी सात-आठ गाड्यांना हार, नारळ, लिंबे. आमचा क्रमांक यायला दीड तास लागला आणि तो मुलगा आमच्यासोबत उभा होता. सकाळपासून काही खाल्ले नव्हते त्याने, म्हणून हिने पिशवीतली शेंगा पोळी काढून दिली. ती खाता खाता सहज बोलल्यासारखे तो म्हणाला की, साहेबांनी सोडलेल्या चार हजारांतले दोन त्याच्या या गाडीवरच्या इन्सेंटिव्हमधून गेले. मंजूर यादीच्या बाहेर सूट दिली की तसेच होते. तक्रार म्हणून सांगत नव्हता. "चालतंय की मालक, गाडी गेली हे महत्त्वाचं," असेही म्हणाला. विमा आणि किटचे काय, असे मी विचारले. ते शोरूमचे जाते, त्याच्याशी माझा काय संबंध, असा त्याचा चेहरा झाला. जिथे मोठी रक्कम होती तिथे ती एका कंपनीच्या वहीतून गेली होती, आणि जे दोन हजार मी जिद्दीने, तीन फेऱ्या मारून, चहा नाकारून मिळवले होते, ते या शेंगा पोळी खाणाऱ्या मुलाचे होते. मी खिशात हात घातला. मग काढला. ते पैसे त्याला तसे देणे बरे दिसले नसते, आणि न देणेही बरे दिसत नव्हते. एवढ्यात आमचा नंबर आला आणि नारळ माझ्या हातात दिला गेला.

गाडी आम्ही आधी सिद्धरामेश्वराला नेली आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला. ती चांगली चालते. पहिल्या सर्व्हिसला गेलो तेव्हा तो मुलगा आपण होऊन समोर आला, त्याने धुण्याच्या रांगेत गाडी पुढे घेतली, आणि माझे दोन तास वाचले.

डिलिव्हरीनंतर आठवड्याने कंपनीच्या मुख्य कार्यालयातून एक फोन आला होता, तो सांगायचा राहिला. बाईंनी विचारले की, खरेदीच्या एकूण अनुभवाला आपण दहापैकी किती गुण द्याल. मी थोडा विचार केला. मुलगा चांगला होता, गाडी वेळेवर मिळाली होती, कागद शेवटी सरळ झाला होता. पण पहिल्यांदा तो वाकडा होता हेही खरे होते. पूर्ण दहा कोणाला द्यायचे नसतात, परीक्षकाचा हात थोडा राखूनच असावा, अशी माझी जन्माची सवय. मी नऊ म्हणालो, आणि आपण फार उदारपणे वागलो असे वाटून फोन ठेवला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, थोडा संकोच होता.

"मालक, तो एक गुण कशात कापलाव?"

मी म्हणालो, अरे, नऊ म्हणजे उत्तमच की.

"तुमच्याकडं असेल मालक," तो म्हणाला. "आमच्याकडं नऊ म्हणजे नापास."